तीन पाळ्यांत एक मास्टर्स

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. गच्चीवरच्या टाकीत गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात, आणि कधीतरी टाकी धुवायला आत उतरलं की घोट्यापर्यंत लागतात. माझी टाकी परवा ऑफिसातल्या पोरांनी धुवायला काढली. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात सगळे सदानकदा ऑनलाइन काहीतरी शिकत असतात. एक जण तर मीटिंगमध्ये शिकतो! त्यातल्या एकीने माझा बायोडेटा पाहिला आणि ओरडलीच, "सर, तुम्ही सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं मास्टर्स ऑनलाइन केलंत? तेव्हा? आणि महाडमधून?"

"नुसत्या महाडमधून नाही," म्हटलं. "महाड, बिरवाडी आणि पोलादपूर. जिथे वीज असेल तिथून!"

त्यानंतर दोन तास कुणी काम केलं नाही. मी तर नाहीच नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ज्या गावातून कधी एकदा बाहेर पडतो असं मला तेव्हा झालं होतं, त्याच गावाबद्दल मी हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं बोलतोय.

आम्ही तिघं होतो. एकाच केमिकल कारखान्यात. मी इन्स्ट्रुमेंटेशनला, पोलादपूरच्या मास्तरांचा मुलगा. मेधा सांडपाण्याच्या प्लांटवर, महाडच्या पेठेतली. आणि सकपाळ काका बॉयलरवर. काका आमच्याहून वीस वर्षांनी मोठे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातली वाडी आहे तिथले. डिप्लोमा करून चिकटले आणि नोकरी सांभाळून पोस्टाने अभ्यास करत इंजिनिअर झाले. "पहिली डिग्री पोस्टमननं दिली, दुसरी फोनची तार देईल," म्हणायचे.

मला परदेशात जायचं होतं म्हणून मी नाव घातलं. मेधाला लग्न लांबवायचं होतं म्हणून तिने घातलं. काकांचं कारण मात्र खरं होतं. त्यांची बायको मुंबईत नर्स. मुलगी प्राची तिच्याजवळ. काका कारखान्याजवळ बिरवाडीत एका खोलीत, एका स्टोव्हसोबत, आठ वर्षं! मुंबईच्या हेड ऑफिसच्या डिझाइन विभागात जागा मिळावी म्हणून त्यांनी पाच अर्ज केले होते. शेवटी मॅनेजर म्हणाले, "तिथे पोस्ट ग्रॅज्युएटच घेतात, सकपाळ. तेवढं आणा, मी स्वतः सही करतो."

काकांनी हे वाक्य आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की मेधा त्यांच्याबरोबर ते पाठ म्हणायची.

*

लेक्चरं संध्याकाळी साडेसहाला, आठवड्यातून तीनदा. महाडच्या पेठेत राजाभाऊंचं सायबर कॅफे होतं, तिथल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. चित्र हलायचं नाही, नुसता सरांचा आवाज यायचा आणि मधूनच एखादी स्लाइड यायची. आमच्या पाळ्या निरनिराळ्या, त्यामुळे तिघं एकत्र कधीच मोकळे नसायचो. जो मोकळा असेल त्याने बसायचं आणि बाकीच्यांसाठी लिहून ठेवायचं, असं ठरलं.

काकांनी त्यासाठी कंपनीच्या स्टोअरमधून लॉगबुक आणलं. पाळी बदलताना आम्ही ज्यात नोंद करतो, अगदी तसलंच. त्यांची पहिली नोंद मला अजून तोंडपाठ आहे. "लेक्चर क्र. ५. सुरू १८.३०. वीज गेली १८.५२. वीज आली १९.२०. मधल्या काळात सर काय बोलले ते समजू शकले नाही. पुढच्या पाळीने लक्ष ठेवावे."

मेधा हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. "अहो काका, पुढच्या पाळीने कसलं लक्ष ठेवायचं? लेक्चर होऊन गेलं की!"

"तसं लिवायची पद्धत हाय गो," काका शांतपणे म्हणाले. "नायतर जबाबदारी आपल्यावर ऱ्हाते."

पहिल्या सत्राच्या परीक्षेत काकांनी पाळी संपताना लिहायच्या सवयीने पेपरच्या शेवटी लिहिलं, "ऑल नॉर्मल. चार्ज हँडेड ओव्हर." खाली सही, वेळ आणि तारीख! बाहेर आल्यावर ध्यानात आलं तेव्हा काका घामाघूम झाले. मुंबई गेली हातातून, असं म्हणत पायरीवरच बसले.

महिन्याने तपासलेला पेपर परत आला. चौसष्ट मार्क होते. आणि काकांच्या सहीखाली लाल पेनाने लिहिलं होतं, "चार्ज टेकन." खाली आमची लेक्चरं घेणाऱ्या इनामदार सरांची सही, वेळ आणि तारीख.

*

सरांना प्रश्न विचारायचा तर टाइप करावा लागायचा. काका एका बोटाने टाइप करायचे आणि अर्जाच्या नमुन्यात. "आदरणीय महोदय, विनंतीपूर्वक विचारण्यात येते की..." असा इंग्रजी मायना पुरा होईपर्यंत सर दोन धडे पुढे गेलेले असायचे. एकदा काकांनी सव्वासातला प्रश्न लिहायला घेतला. साडेसातला सर "थँक यू, गुड नाइट" म्हणाले आणि त्याच क्षणी काकांनी बटण दाबलं.

पुढच्या लेक्चरची सुरुवात सरांनी चक्क मराठीत केली. "महाडहून सकपाळांचा प्रश्न गेल्या आठवड्यात निघाला होता, तो आज पोचला आहे. प्रश्न चांगला आहे. आधी त्याचं उत्तर देतो."

काकांनी त्या दिवशी राजाभाऊंसकट सगळ्या कॅफेला चहा पाजला.

*

मग भारनियमन आलं. कॅफे तिन्ही गावांत होतं, पण वीज आळीपाळीने. महाडची वीज जायची त्या वेळी पोलादपूरला असायची, पोलादपूरची जायची तेव्हा बिरवाडीला असायची. आम्ही तक्ता केला. तिन्ही गावांच्या वेळा, गाड्यांच्या वेळा, पाळ्यांच्या वेळा, सगळं एका कागदावर. मेधा म्हणाली, "ही आपली पहिली सिस्टिम. आता फक्त चालली पाहिजे."

एका गुरुवारी कधी नव्हे ते तिघंही मोकळे होतो. तक्त्याप्रमाणे महाडला अंधार, पोलादपूरला उजेड. आम्ही धावत गाडी पकडली आणि पोलादपूरला उतरलो, तर अख्खं स्टँड अंधारात! वेळापत्रक त्याच दिवशी बदललं होतं. फोन करून विचारलं. राजाभाऊ म्हणाले, "इथे लाइट आहे की! सर बोलतायत. तुम्हीच नाही."

परतीच्या गाडीला तासभर होता. स्टँडसमोरच्या टपरीत कंदील लावून भजी तळत होते. आम्ही बाकावर बसलो. काकांनी सवयीने लॉगबुक उघडलं, काय लिहावं ते सुचेना, पुन्हा मिटलं.

मेधा भजी खात म्हणाली, "तुम्हाला खरं सांगू? दीड वर्षात आज पहिल्यांदा आपण तिघं एका बाकावर बसलोय. कॉलेजात असं रोज असतं."

ते लेक्चर कशावर होतं ते मला आजही माहीत नाही. पण तो बाक मला हवा आहे. पुण्यात माझ्याकडे चार कॉन्फरन्स रूम आहेत, त्या सगळ्या देऊन टाकतो!

*

मेधाची ढाल छान चालली होती. कुठलंही स्थळ आलं की "मास्टर्स पुरं होऊ दे." पण एकदा तिच्या वडिलांनी तिला न सांगता पाहुण्यांना बोलावलं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आई. मुलगा जरा शहाणा होता. त्याने विचारलं, "सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे नक्की काय?"

झालं! मेधाने चहाचा ट्रे बाजूला सारला, कागद घेतला आणि त्यांचंच घर काढून दाखवलं. हा सासऱ्यांचा चौकोन, हा मुलाचा, हा सासूबाईंचा. कुणाकडून काय येतं, कुणाकडे काय जातं, सगळे बाण. शेवटी सुनेचा चौकोन काढला आणि म्हणाली, "बघा, इथे सगळे बाण आत येतात. बाहेर एकही जात नाही. अशी सिस्टिम फार दिवस टिकत नाही."

मुलाच्या आईने चष्मा लावून कागद नीट पाहिला, घडी करून परत दिला आणि उठत म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण आमच्या घरात एकच सिस्टिम आहे. ती मी!"

दुसऱ्या दिवशी मेधा सांगत होती, "इतक्या जणांना समजावलं. विषय कळलेली ती पहिलीच बाई!"

मला मेधा आवडायची. आता लिहायला हरकत नाही. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक आहे, कारण तिनेच त्याला सांगितलं. मला मात्र तेव्हा तिला सांगता आलं नाही. लॉगबुकात तिची नोंद आली की मी ती दोनदा वाचायचो, एकदा अभ्यासासाठी आणि एकदा अशीच.

*

काका शनिवारी पहिली पाळी लावून घ्यायचे. तीनला सुटून चारची मुंबईची गाडी धरायचे. पाच-सहा तास प्रवास, रविवारी दुपारी पुन्हा उलट. गाडीत अभ्यास. कंडक्टर ठरलेला, तो तिकीट फाडता फाडता विचारायचा, "काका, आज कुठवर आलं?"

"फेल्युअर मोडवर," एका शनिवारी काका म्हणाले. "कुठली वस्तू कशी कशी बंद पडू शकते त्याची यादी करायची."

माणगावच्या अलीकडे गाडी बंद पडली. कंडक्टर खाली उतरला, बॉनेटमध्ये बघून आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, ती वही आधी मिटा. आणि मुंबई येईस्तोवर उघडू नका!"

काकांनी मिटली. हसत हसतच सांगायचे ते हा किस्सा. पण त्या शनिवारी ते घरी पोचले तेव्हा प्राची झोपली होती, आणि रविवारी सकाळी तिचा चित्रकलेचा क्लास होता. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने नंतर मेधाला सांगितलं.

*

एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी पेठेत शिरलं. महाडला ते दर वर्षीचंच, लोक सामान माळ्यावर टाकतात आणि वाट बघतात. पण आमच्या असाइनमेंटची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. मी कंपनीतून मेल केला, पूर आहे, चार दिवस मुदत द्या. विद्यापीठाच्या ऑफिसातून उत्तर आलं, पुरावा पाठवा. राजाभाऊंच्या कॅफेचा फोटो काढला. कीबोर्ड तरंगत होता, त्यावर बेडूक बसला होता. तो पाठवला.

उत्तर आलं, "फोटो स्पष्ट नाही. कृपया त्याच ठिकाणाहून पुन्हा अपलोड करावा."

राजाभाऊ म्हणाले, "बेडकाला सांगू का?"

*

आम्ही दोघं तीन वर्षांत पास झालो. काकांना पाच लागली. गणिताचे दोन पेपर राहत होते. तीन वेळा राहिले. तिसऱ्यांदा निकाल कळला तेव्हा मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. ते स्टोव्हला पिन मारत होते. म्हणाले, "पोरगी नववीत जाईल आता. मी सोडून आलो तवा रांगत व्हती. डिग्री नाय मिळाली तरी चालंल रे. पण ती मोठी व्हायची थांबत नाय ना."

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस. मला प्रेशर मोजता येतं, तापमान मोजता येतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या हातून पिन घेतली आणि स्टोव्ह पेटवून दिला. चौथ्यांदा मेधाने त्यांना रोज जेवणाच्या सुट्टीत गणित शिकवलं आणि ते सुटले.

पुढे काकांना मुंबईची जागा मिळाली. मॅनेजरनी सही केली, शब्दाला जागले. पहिल्या आठवड्यात मला काकांचा फोन आला.

"कसं वाटतंय काका?"

"घर चांगलं हाय. सगळी हायत. पण झोप लागत नाय रे."

"का?"

"आवाजच नाय! कूलिंग टॉवर नाय, बॉयलर नाय. एवढं शांत झालं की मी दचकून उठतो. वाटतं, प्लांट ट्रिप होऊन बंद पडला!"

माझं परदेश पुण्यातच संपलं. मेधा बडोद्याला असते. राजाभाऊंच्या कॅफेच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम जाऊन त्या दुकानासमोर उभा राहिलो. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे? काय सांगणार!

*

पण सगळ्यात भारी किस्सा काकांच्या शेवटच्या तोंडी परीक्षेचा. तो अजून सांगायचाच राहिलाय.

तोवर ब्रॉडबँड आलं होतं. कंपनीने ट्रेनिंग रूम दिली, कॅमेरा लावला. मी केबल सांभाळायला. मेधाचं लग्न ठरलं होतं, तरी ती खरेदी सोडून आली होती. मे महिना, त्यामुळे काकांची बायको आणि प्राची गावाला आलेल्या. काकूंना वाडीवर काम होतं, म्हणून काकांनी प्राचीला बरोबर आणलं. चौदा वर्षांची, चष्मा, फार न बोलणारी. भिंतीकडच्या खुर्चीत बसली. काका नव्या इस्त्रीच्या शर्टात, ताठ.

काकांचा प्रोजेक्ट होता, घरापासून दूर राहून आठवड्याला घरी जाणाऱ्या कामगाराची व्यवस्था. पाळ्या, गाड्या, रजा, सगळं बसवून घरातले तास वाढवायचे. अशा कामात पहिली पायरी म्हणजे ज्याच्यासाठी व्यवस्था करायची त्याला विचारायचं, तुला काय पाहिजे, आणि ते ओळीने लिहायचं. त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. काकांनी ते पहिल्याच सत्रात, पाच वर्षांपूर्वी केलं होतं. बिरवाडीच्या फोन बूथवरून प्राचीला विचारलं होतं. ती सांगत गेली, काका लिहीत गेले. फक्त "पप्पा" आला की त्या जागी "सिस्टिम" लिहिलं. नियमच तसा असतो.

इनामदार सर स्क्रीनवर आले. इतकी वर्षं आम्ही त्यांचा नुसता आवाज ऐकला होता. पांढऱ्या मिशा, अर्ध्या बाहीचा शर्ट. त्यांनी तासभर विचारलं, काकांनी सगळं सांगितलं. शेवटी सर म्हणाले, "काम चोख आहे, सकपाळ. जे लिहिलं तसं केलंत. पण जिच्यासाठी केलंत, तिला परत जाऊन विचारलंत का, की हेच हवं होतं का?"

काका गडबडले. "सर, ती... ती इथंच हाय."

"मग येऊ द्या की पुढे."

प्राची उठून कॅमेऱ्यासमोर आली. सरांनी कागद चष्म्याजवळ धरला. "तू नऊ वर्षांची असताना सांगितलेलं वाचतो हं. एक. सिस्टिमने शनिवारी मी झोपायच्या आत घरी यावं."

प्राची म्हणाली, "आता मी जागीच असते सर. पप्पाच जेवताना पेंगतात."

"दोन. सिस्टिमने रविवारी माझ्यासमोर बॅग भरू नये."

"आता बॅग मीच भरून देते."

"तीन. सिस्टिमने गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसावं."

"मी भाग घेत नाही आता."

"चार. सिस्टिमने दर वेळी मला 'किती मोठी झालीस' असं म्हणू नये."

प्राचीने चष्मा सारखा केला. "आता नाही म्हणत."

काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. बॉयलरच्या काट्याकडे बघतात तसे, पापणी न हलवता. मेधाने माझा हात घट्ट धरला होता.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे चारही जुन्या झाल्या. मग असं करू, या काढून टाकू. आता तुला काय हवं ते सांग. मी नव्या लिहून घेतो."

प्राचीने मागे वळून काकांकडे पाहिलं. मग माइकजवळ वाकली.

"नवीन काही नाही सर. जुन्याच राहू द्या."

स्क्रीनवरचा सरांचा चेहरा तसाच, पेन हातात तसंच, काहीच हलेना.

"लाइन गेली वाटतं," मेधा हळूच म्हणाली.

मी टेबलाखाली वाकून केबल पाहिली. केबल घट्ट होती.